परतीचं तिकीट असलेले मतदार

बहरीनहून परत आल्यावर गल्लीतल्या एकूण एक बाईनं मला सोनं किती आणलं ते विचारलं. तिथं मी निवडणूक घेऊन आले, असं सांगितलं तर एकीचाही विश्वास बसेना. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, तिकडं राजा असतो ना, मग निवडणूक कसली? म्हटलं, निवडणुका त्यांच्याही होतात, पण ही आपल्याच माणसांची होती. चारशे मराठी माणसं वाळवंटात नेऊन ठेवली तरी ती आधी मंडळ काढतात, मग त्यात भांडतात. मंडळ आधी की भांडण आधी, एवढंच काय ते पुढंमागं.

माझा जन्म कऱ्हाडच्या तहसील कचेरीत गेला. म्हणजे जन्मले घरीच, पण बाकी सगळं कचेरीत. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत एक निवडणूक मला चुकली नाही. मतपेट्या वाहिल्या, मशिनं वाहिली, शाळांच्या बाकांवर झोपले, डासांना रक्त दिलं. निवृत्त झाल्यावर तरी हे सुटलं असं वाटलं होतं. कसलं सुटतंय!

झिंज

लेक शिल्पा आणि जावई अभिजितराव राजधानी मनामातल्या झिंज भागात राहतात. जावई बँकेत. नात इरा नववीत. हिवाळ्यात ये, हवा छान असते, असं शिल्पा चार वर्षं म्हणत होती, शेवटी यंदा जानेवारीत गेले.

विमानतळावरच माझी बॅग बाजूला काढली. आत दगडी खलबत्ता होता. लेकीकडं मिक्सरमध्ये लसणाची चटणी होते, ती मला चालत नाही, म्हणून नेला. तो तरणाबांड अधिकारी पडद्यावर बघतोय, त्याला काही कळेना. मी दोन्ही हातांनी कुटून दाखवलं, मिरची तोंडात घालून हाय-हाय करून दाखवलं. त्यानं दुसऱ्याला बोलावलं, मला परत करून दाखवायला लावलं, दोघं पोटभर हसले आणि ‘यल्ला, यल्ला’ म्हणून मला वाटेला लावलं. आपल्या कस्टमवाल्यानं कधी कुणाला हसवून सोडल्याचं मी ऐकलेलं नाही.

बाहेर इरा उभी. माझ्याहून उंच झालेली. ‘हाय आजी’ म्हणून गळ्यात पडली आणि गाडीत बसल्यापासून जी बोलत सुटली ती इंग्रजीत. तिला मराठी सगळं कळतं. मी शिव्या दिल्या तर त्याही कळतात, उलट त्या जरा जास्तच लवकर कळतात. पण उत्तर इंग्रजीत. मला कचेरीपुरतं इंग्रजी येतं. त्यामुळं आमचं असं चालायचं, मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत सांगायचं. आमचं बरं चाललं होतं.

झिंजमध्ये किराणा दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात. लोक गाडी दुकानासमोर लावतात आणि हॉर्न वाजवतात, मग आतला माणूस पळत येऊन दूध, अंडी, सिगारेट काय हवं ते खिडकीतून देऊन जातो. कऱ्हाडात वाण्याच्या दारात असा हॉर्न वाजवला तर वाणी बाहेर येईल, पण अंडी घेऊन येणार नाही. मला मात्र चालत जायचीच हौस. रोज सकाळी मी कोपऱ्यावरच्या भट्टीवर खुब्ज आणायला जायची. खुब्ज म्हणजे तंदूरमधली मोठी पातळ रोटी. तिच्यावर इथले लोक महयावा लावून खातात, मासळी आंबवून केलेलं पातळ काळपट तोंडीलावणं. शिल्पाच्या घरात त्याला बंदी आहे, वास येतो म्हणून. मी बाल्कनीत बसून खाल्लं. आमच्या सुकटाच्या चटणीची आठवण झाली, थोडं लिंबू पिळलं की झालंच. शेवयांवर ऑम्लेट घालून नाश्त्याला देतात ते बलालीत मात्र मला झेपलं नाही. गोड शेवया आणि वर अंडं, ही सोयरीक कुणी जमवली देव जाणे.

मंडळाचा विषय दुसऱ्याच दिवशी जेवताना निघाला. जावई यंदा अध्यक्ष. माणूस गुणी, पण कुणाला नाही म्हणता येत नाही. गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात पोरांनी निम्मा कार्यक्रम इंग्रजीत केला आणि उरलेल्यात हिंदी गाण्यांवर नाच केले. त्यावर सबनीस खवळले. सबनीस म्हणजे मंडळाचे सगळ्यात जुने सभासद, एका कंपनीत हिशेब तपासतात, आवाज खणखणीत. त्यांनी ठराव मांडला की यापुढं रंगमंचावर फक्त मराठी. दुसरी भाषा तोंडातून निघाली की पडदा.

इकडं इरानं उन्हाळ्यापासून एक नाटुकलं लिहिलं होतं. सखीरला मोटारींची शर्यत असते त्या दिवशी झिंजमधल्या एका इमारतीच्या लिफ्टमध्ये चार मुली अडकतात, असं काहीतरी. सगळं इंग्रजीत. मुख्य काम तिचंच, बाकी तिघी मैत्रिणी. पुढच्या वर्षी तिची दहावी, शिवाय त्यातल्या दोघी आईबापांबरोबर कायमच्या भारतात परतणार. म्हणजे यंदा झालं तर झालं, नाहीतर कधीच नाही. घरात रोज दुपारी सोफ्याची लिफ्ट व्हायची आणि चौघी तिच्यात कोंबून बसायच्या.

कार्यकारिणीत तीनदा वाद झाले. मग अभिजितरावांनी तोडगा काढला, सगळ्या मंडळाचं सार्वमत घेऊ. ज्याला स्वतः काही ठरवायचं नसतं तो सार्वमत घेतो, हे मी मनात म्हटलं, तोंडानं नाही. जावई आहेत. पुढं ते म्हणाले, ‘‘आई आल्याच आहेत, त्यांनाच निवडणूक अधिकारी करू. सबनीसांनाही आक्षेप नाही.’’ सबनीसांना कशाला आक्षेप असेल, त्यांना माझं मत चेहऱ्यावर वाचता येत होतं.

मतदानाचा शुक्रवार

अदलियातल्या एका क्लबचा हॉल भाड्यानं घेतला होता. अदलिया म्हणजे कॉफीची दुकानं, बुटके बंगले आणि गाडी लावायला जागा नाही म्हणून चकरा मारणारे नवरे. मी काठापदराची साडी नेसून अगदी ड्यूटीवर निघाल्यासारखी गेले. पेटी म्हणून चिवड्याचा रिकामा डबा, झाकणाला चीर पाडलेली. शाई कुठं मिळेना, तर शिल्पाची नेलपॉलिश घेतली, लालभडक. प्रत्येकाच्या डाव्या तर्जनीला एक ठिपका. बँकेतले, रिफायनरीतले, इन्शुरन्समधले साहेब लोक रविवारी, तिथं आठवडा रविवारी सुरू होतो, लाल नख घेऊन कामावर गेले, आणि स्पिरिटनंही ते निघेना म्हणून बायकांच्या नावानं ओरडले.

चिठ्ठीवर एकच प्रश्न. स्नेहसंमेलनात रंगमंचावर फक्त मराठी असावी का? हो किंवा नाही.

आता जे घडलं ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून निघालं. हिवाळ्यात बहरीनमधल्या प्रत्येक मराठी घरात कुणाचे ना कुणाचे आईवडील आलेले असतात, माझ्यासारखे, व्हिजिट व्हिसावर, गुडघ्यांना पट्टे बांधून. मंडळात त्यांचा मान मोठा. दिवा त्यांनी लावायचा, पहिली रांग त्यांची, पहिलं ताट त्यांचं. त्यामुळं चिठ्ठ्या वाटणारी मुलं पहिल्यांदा कुणाकडं गेली? पहिल्या रांगेकडं. वाकून नमस्कार केला, चिठ्ठी दिली, पेन दिलं, एकदोघांना चष्माही शोधून दिला. आणि ही मंडळी भारतीय नागरिक, चिठ्ठी हातात आली की शिक्का मारायचाच, एवढं यांना ठाऊक. मी प्रत्येकाला नेलपॉलिश लावली. कऱ्हाडात यादीत नाव नसलेल्या आमदाराच्या मेव्हण्याला मी बाहेर काढलंय, पण इथं यादी करायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. घरच्या कार्यात यादी कोण करतं?

मीही मत दिलं. हो ला दिलं. कऱ्हाडची बाई मी, मराठी असावी का विचारल्यावर नाही म्हणू? इराचं नाटुकलं काय, बसून दोन दिवसांत मराठीत करेल, असं मला वाटलं.

मतमोजणी सगळ्यांसमोर केली. ‘हो’ चारपाच मतांनी निवडून आलं. मी उभी राहून निकाल जाहीर केला, एकदा मराठीत, एकदा सवयीनं पुन्हा मराठीत. सबनीसांनी टाळ्या सुरू केल्या. इरा मागं भिंतीला टेकून उभी होती. ती पुढं आली, माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाली, ‘‘काँग्रॅच्युलेशन्स, आजी.’’ इतक्या शांतपणे म्हणाली की मला थँक यू म्हणावं लागलं.

घरी आल्यावर तिनं सोफा जागेवर ढकलला. नाटुकलं मराठीत कर की, मी म्हटलं. ती म्हणाली की लिफ्टमध्ये अडकलेल्या चार मुली खरंच जसं बोलतात तसं तिनं लिहिलंय, मराठीत त्या मुली खोट्या होतील. हे सगळं अर्थात इंग्रजीत. त्यानंतर ती माझ्याशी यस आणि नो मध्ये बोलायला लागली. आणि ते मला अजिबात सोसलं नाही, खोटं कशाला बोलू. इतक्या लांब मी खुब्ज खायला आले नव्हते.

सखीर

तिकडचं वाळवंट बघायचं म्हणून सुजाता कांबळे मला एका सकाळी सखीरला घेऊन गेली. सुजाता मूळची नागपूरची, सखीरच्या विद्यापीठात प्रयोगशाळेत काम करते. तिची थोरली लेक इराच्या लिफ्टमधली एक. गाडी स्वतः चालवते, आणि रस्ता सरळ असला की स्टिअरिंग सोडून बोलते. वाळवंट म्हणजे मला सोनेरी वाळूचे डोंगर वाटले होते. हे पिवळट सपाट माळरान, अधूनमधून तेलाचे पाइप, कुठं तंबू ठोकून सहलीला आलेली कुटुंबं. आमच्या माणदेशात मेंढरं काढली तर असंच दिसेल. मध्येच कुठून तरी एक भयंकर घोंघाट सुरू झाला. शर्यतीच्या ट्रॅकवर कुणीतरी गाडी तपासत होतं. सुजातानं काच वर केली आणि विषय काढला.

ती म्हणाली, ‘‘मावशी, राग नका मानू. त्या दिवशी इथं राहणाऱ्यांनी ‘नाही’लाच जास्त मत दिलं. पाहुण्यांनी पलटवलं. तुम्ही सारे महिन्याभरात चालले जाल, अन् नियम आमच्या पोरी पाळून राहतील.’’

मी मनातल्या मनात पहिली रांग मोजली. आमची तेराचौदा माणसं होती, आणि त्यातल्या एखाद्दुसऱ्यानंच ‘नाही’ दिलं असेल. पोरीचं बरोबर होतं. मग सभेत का नाही बोललीस, मी विचारलं. तिनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. तिचे वडीलही नागपूरहून आले होते. आयुष्यात एक मत चुकवलं नाही या माणसानं. मत सगळ्यांचं सारखं, त्यात कुणी मोठा नाही, कुणी लहान नाही, हे घरात त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी ‘हो’ला मत दिलं होतं. ‘‘आता त्यांना मी कोणत्या तोंडानं सांगू का बाबा, तुमचं मत धरत नाही म्हणून?’’

तिचंच काय, सगळ्यांचंच हेच. हरलेल्या प्रत्येकाला आकडा ठाऊक होता आणि प्रत्येकाच्या घरात एक आई नाहीतर एक बाबा सोफ्यावर बसलेले होते. आईबापांना उठून सांगायचं की तुमचा मान आहे, मत नाही? आपल्यात ही जीभ कुणाला दिलेलीच नाही. माझ्या जावयांना तर मुळीच नाही. तेव्हा मला त्यांचा चेहरा उमगला, आठवडाभर जेवताना ते माझ्याकडं का बघत नव्हते ते.

पुन्हा अदलिया, कॉफी

शिल्पाच्या खालच्या मजल्यावर मार्गारेट राहते. इंग्रज बाई, साठीची, इथल्या एका शाळेत शिकवते, अर्धं आयुष्य बहरीनमध्ये गेलं. मला लिफ्टमध्ये भेटायची आणि माझ्या साडीचं कौतुक करायची. एकदा म्हणाली, चल, कॉफी पिऊ. टॅक्सीनं अदलियाला गेलो. कॉफी कडू, खुर्ची उंच, पाय लोंबकळत ठेवून मी तिला माझ्या कचेरीतल्या इंग्रजीत सगळी हकिगत सांगितली. मला वाटलं हसेल. ती चमचा खाली ठेवून ऐकत राहिली.

तिच्या देशानं युरोपातून बाहेर पडायचं की नाही यावर सार्वमत घेतलं तेव्हा तिला मतच नव्हतं. परदेशात फार वर्षं राहिलेल्यांना त्यातून वगळलं होतं. देशानं आतच राहावं असं तिला वाटत होतं. तिच्या गावातल्या भावानं बाहेर पडायला मत दिलं, आणि त्यानंतर दोन ख्रिसमस ती घरी गेली नाही. म्हटलं चला, हिला तरी पटेल. मी विचारलं, मग असला निकाल मोडायलाच हवा होता की नाही?

तर बाई म्हणाली, नाही. तिला तो निकाल आजही आवडत नाही, भावाचा राग आजही येतो. पण तुम्ही लोकांना प्रश्न विचारलात, त्यांनी उत्तर दिलं. उत्तर पसंत पडलं नाही म्हणून आम्ही गंमत करत होतो असं म्हणाल, तर पुढच्या वेळी तुमच्या दारात मत द्यायला कोण येईल? ज्या बाईला मत नव्हतं आणि जी हरली, ती हे म्हणत होती.  वर तिनं मलाच विचारलं, तुझ्या तीस वर्षांच्या नोकरीत हरलेल्यानं रडारड केली म्हणून तू कधी निकाल फिरवलास का? कधीच नाही, मी म्हटलं. फेरमोजणी फार तर.

कॉफीचे पैसे तिनं दिले. घरी येईपर्यंत माझ्या डोक्याचा भुगा झाला होता. निकाल पाळावा तर नात गेली, मोडावा तर मी आयुष्यभर केलं ते गेलं.

दुसरी सभा

‘नाही’वाल्यांनी सह्या गोळा करून पुन्हा सभा बोलवायला लावली. हॉल तोच, पहिली रांग तीच. अभिजितराव उठले आणि आपण सगळे एका कुटुंबासारखे आहोत इथून सुरुवात करून बराच वेळ कुटुंबातच फिरत राहिले. सबनीस म्हणाले, निकाल लागला, पाळायचा, पाळायचा नव्हता तर घेतला कशाला? मार्गारेटचंच वाक्य, फक्त मराठीत. जावई पाणी प्यायले.

मग मीच उठले. म्हटलं, निवडणूक अधिकाऱ्याला दोन शब्द बोलायचेत. ज्यांच्याजवळ परतीचं तिकीट काढलेलं आहे त्यांनी हात वर करा. पहिल्या रांगेनं आनंदानं हात वर केले. यांना वाटलं निरोपाचा नारळ आहे. लगेच तुमचं कधीचं, आमचं मुंबईवरून, तुम्हाला व्हीलचेअर मिळाली का, हे सुरू झालं. मी ते सगळं थांबू दिलं आणि म्हटलं, मोजणी बरोबर होती, यादी चुकली. यादी करणं माझं काम होतं, मी केलं नाही. कुठल्याही निवडणुकीत तिथं राहतो त्याचं मत असतं. हे हात वर आहेत त्यांची मतं मोजायला नको होती. त्यात माझंही आलं.

 सबनीस उभे राहिले. ओरडतील असं वाटलं होतं, पण आवाज न चढवता त्यांनी विचारलं, ‘‘काकू, निकाल उलटा लागला असता, तर तुम्हाला ही यादी आठवली असती का?’’

काय सांगू? समोर इरा होती. म्हटलं, ‘‘नसती आठवली.’’

सबनीसांनी फक्त मान हलवली. त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. आणि माझंही बरोबर होतं, एवढीच पंचाईत होती. तेवढ्यात सुजाताचे वडील काठी टेकत उठले. यादीत नाव नसेल तर मत बाद, त्यात दुःख मानायचं काही नाही, असं म्हणून लगेच बसले. सुजातानं डोळ्याला रुमाल लावला. आता सगळं सुरळीत होणार असं मला वाटायला लागलं.

पण सबनीसांच्या आई उठल्या. त्यांना सगळे माई म्हणतात. ऐंशीच्या पुढच्या, कानानं कमी, चिपळूणच्या. शेजारणीनं त्यांना कानात ओरडून काय चाललंय ते सांगितलं होतं. त्या माझ्याकडं वळल्या.

‘‘म्हणजे आम्हाला फक्त दिवा लावायला बोलावता होय? माझा नातू माझ्याशी काय बोलतो ते मला कळत नाही हो. दर वर्षी येते मी, समोर बसवतात, पोरं तिथं वर काय काय करतात, सगळे हसतात, मी आपली बघत बसते. एकदा तरी कळावं म्हणून दिलं मी मत. ते पण काढून घ्या आता.’’

 मी खाली बसले. निवडणुकीच्या नियमात याला उत्तर नव्हतं. मी जावयांकडं बघितलं, सगळा हॉल त्यांच्याकडं बघत होता. एसी असून त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. नाही म्हणता न येणारा तो माणूस पुढं झाला, माईंसमोर वाकला आणि म्हणाला, ‘‘माई, तुमचं म्हणणं खरं आहे. पण तुमचं मत धरता येणार नाही.’’ मग माझ्याकडं वळून, ‘‘आई, तुमचंही.’’ मला राग यायला हवा होता. मला वाटलं, चला, लेकीनं नवरा बरा निवडला.

पाहुण्यांनी आपण काय दिलं होतं ते एकेक करून सांगितलं, ती मतं काढल्यावर निकाल उलटा झाला, तोही थोडक्यातच. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सबनीस माईंना हाताला धरून घेऊन गेले, त्यांच्यामागून आठदहा घरं गेली. पावभाजी निम्मी उरली. ती पुढं दोन दिवस आम्ही खात होतो.

घरी आल्यावर मी इराला म्हटलं, घे, मिळालं तुझं नाटुकलं. तिनं मला मिठी मारली, पण सोफा काही ओढला नाही. माईंचा नातू तिच्या वर्गात आहे. तो माईंशी काहीच बोलत नाही का, तिनं विचारलं. मी म्हटलं, तुझ्यासारखंच बोलतो, माई कचेरीत नव्हत्या एवढाच फरक. मग ती बराच वेळ खोलीत दार लावून बसली. दुसऱ्या दिवसापासून तालमी सुजाताच्या घरी व्हायला लागल्या, का ते मला कुणी सांगेना.

स्नेहसंमेलन

सबनीस येणार नाहीत अशी पैज लागली होती. पण ध्वनियंत्रणा त्यांच्याच ओळखीची, निवेदनही त्यांचंच ठरलेलं, आणि दिलेला शब्द मोडणारा माणूस नव्हे तो. आले. माईंना पहिल्या रांगेत बसवलं. माईंनी माझ्या नमस्काराला मान हलवली, बोलल्या नाहीत. मी त्यांच्यापासून एक खुर्ची सोडून बसले. मधली रिकामी खुर्ची आमच्या दोघींत राहिली.

मराठी गाणी झाली, एक पोवाडा झाला, सबनीसांनी फार सुंदर निवेदन केलं. मग लिफ्ट. पुठ्ठ्याचं दार लागलं, आत चार मुली. मी चष्मा पुसला, परत बघितलं. त्या चौघींत इरा नव्हती. तिच्या जागी सुजाताची धाकटी, हातात कागद धरून.  उन्हाळ्यापासून या पोरीनं दुसरं काही केलं नव्हतं. शिल्पाकडं वळून बघितलं तर तिलाही ठाऊक नव्हतं.

इरा विंगेतून खाली उतरली, वाकून पहिल्या रांगेपुढून आली आणि मधल्या खुर्चीवर बसली. माझ्याकडं तिची पाठ. माईंच्या कानाशी तोंड नेऊन हळूच सांगायला लागली, मराठीत. ‘‘ही मुलगी... तिला उशीर झालाय. तिचे बाबा गाडीत... वाट बघून राहिले.’’ सुजाताच्या घरचं मराठी होतं ते. पंधरा दिवस तिथं कसल्या तालमी चालल्या होत्या ते आता कळलं.

माई म्हणाल्या, ‘‘मोठ्यानं बोल. मला ऐकू येत नाही.’’

इरानं मागं भरल्या हॉलकडं एकदा बघितलं. आणि मोठ्यानं बोलायला लागली. वरती एक वाक्य इंग्रजीत व्हायचं, पोरं हसायची, मग खाली तेच इराचं मोडकं मराठी सगळ्या हॉलला ऐकू जायचं, आणि म्हातारी माणसं हसायची. चुकलं की माई तिथल्या तिथं दुरुस्त करायच्या, तेवढ्याच मोठ्यानं. ‘लिफ्ट थांबला नाही गं, थांबली.’ वरच्या मुली दोन मिनिटांत शहाण्या झाल्या, वाक्य टाकून थांबायला लागल्या. एकदा इराला शब्द सापडेना तर ध्वनियंत्रणेमागून सबनीसांनी पुरवला. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पदरानं पुसत होते, लाज कसली त्यात.

नाटुकलं ठरल्यापेक्षा दुप्पट लांबलं. शेवटी पुठ्ठ्याचं दार उघडलं. चौघी तशाच आत बसून राहिल्या.

माईंनी विचारलं, ‘‘काय झालं?’’

‘‘दार उघडलं.’’

‘‘मग बाहेर का येत नाहीत?’’

 हे इरानं लिहिलं होतं, पण मराठीत कधी सांगितलं नव्हतं. ‘‘बाहेर गेल्या की आपापल्या घरी जाणार ना आजी,’’ ती म्हणाली. ‘‘मग परत भेटणार नाहीत.’’

दिवे लागले, सगळे टाळ्या वाजवायला लागले. माईंना वाजवता येईनात, कारण एका हातानं त्यांनी इराचं मनगट धरलं होतं आणि ते त्या सोडत नव्हत्या.